पंजोबांच्या कीर्दीतली पोर: 'त्या काळी तसंच होतं' म्हणून सोडून द्यायचं काय?

हिरण्यकेशी

माहेरचा वाडा उतरवायला काढलाय. हुक्केरी तालुका, संकेश्वरहून बसनं पाऊण तास, पुढं पंधरा मिनिटं पायी. माळ्यावर गोणपाटात बांधलेल्या पंजोबांच्या कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, निघाल्या. बावीस होत्या, त्यातल्या सहा वाळवीनं खाल्ल्या. सगळं मोडीत. मला मोडीतला 'श्री'सुद्धा ओळखता येत नाही. गडहिंग्लजला एक निवृत्त तलाठी आहेत, ते वाचून दाखवतात आणि मी वहीत उतरवून घेते. पैसे घेत नाहीत, बेळगावचा कुंदा मात्र दर खेपेला लागतो.

आमच्या घरात पंजोबा म्हणजे देवाच्या खालची पायरी. बाजारात मापावरून भांडण लागलं की 'पाटलांचा शेर आणा' म्हणायचे, एवढा त्यांच्या मापावर विश्वास. एका विधवेचं गहाण पडलेलं सोनं त्यांनी कागद फाडून परत दिलं, ही गोष्ट गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते ते, त्याला पंजोबा जाऊन आले होते. हे आम्ही ऐकून होतो, आता कीर्दीत पुरावाच मिळाला: बेळगावचं गाडीभाडं, दोन दिवसांचा शिधा, खादी चार वार.

गावच्या वाचनालयानं नवी खोली बांधलीय, तिला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय. स्मरणिकेत त्यांच्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात मराठी शाळेत शिकलेली शेवटची मीच. (पुढची पिढी कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमातली. माझा भाचा मराठी बोलतो झकास, खरं वाचताना अडखळतो.)

आणि मग आलं शके १८४७, माघातलं एक पान. म्हणजे १९२६ ची सुरुवात. तलाठीकाका वाचता वाचता गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, हे उतरवून घेणार काय?"

माघी पुनवेला यल्लम्माच्या डोंगराला जाण्याचा तो खर्च आहे. गाडीच्या चाकाला धाव. 'हरण्यास नवी घुंगरमाळ, १२ आणे.' हरण्या म्हणजे बैल. भंडारा, नारळ, निवदाचं सामान. मग 'पोरीस लुगडे १, रु. २-४.' 'लाल-पांढरे मणी, ३ आणे.' 'पोरीच्या बापास रु. ५ व जोंधळे २ मण.' मध्येच एक ओळ, 'माणसे २, पलीकडून आणणे, मजुरी ८ आणे.' ती कशाची ते आम्हा दोघांनाही लागलं नाही. पान संपतं तिथं लिहिलंय, 'चिरंजीवाचा नवस फिटला.'

लाल-पांढरे मणी म्हणजे काय, हे सौंदत्तीच्या वाटेवर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पोर देवीला सोडली, म्हणजे देवदासी केली. पोरीची जात लिहिलीय, नाव नाही. चिरंजीव म्हणजे माझे आजोबा. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या आणि त्यातनं ते वाचले, एवढंच आम्हाला माहीत. नवस बोलले पंजोबा, वाचला त्यांचा मुलगा, सोडली दुसऱ्याची पोर. दहा दिवस झाले, याच्या पुढं माझं डोकं चालत नाही.

घरी सांगितलं. थोरले चुलते, आम्ही आबा म्हणतो, वय चौऱ्याऐंशी. ते म्हणाले, "त्या काळी तसंच होतं गं. शेराच्या काळातलं धान्य किलोनं मोजालीस काय?" भाचा हुबळीला वकिली शिकतोय. तो म्हणाला, "आत्या, कर्नाटकनं देवदासीबंदीचा कायदा १९८२ ला केला, हा सरळ गुन्हा." आबा म्हणाले, "तुझा कायदा ८२ चा, पान २६ चं." भाचा म्हणाला, "मुंबई इलाख्यानं ३४ सालीच कायदा केलावता." आबा म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं नंतरच की." आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, की जेवायला बसा.

तर प्रश्न असा. नीती ही त्या त्या गावाची आणि काळाची असते, की काही गोष्टी कुठंही, केव्हाही वाईटच? आणि 'त्या काळी' म्हटलं की माणूस सुटतो काय? पुस्तकी उत्तर दिलं तरी चालेल, फक्त मला दोन पानं लिहायचीत हे लक्षात असू द्या.

कुंदा आणि मांडे

ताई, मी आबांच्या बाजूचा. कारण सांगतो.

माझ्या उसाच्या फडावर दर हंगामाला बीडकडची टोळी येते. सहा महिने कोपीत राहतात, पाचटाच्या. पोरं शाळेत नाहीत, दहा वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसते. मी त्यांना चहा पाजतो, उचलीत खोट काढत नाही, दिवाळीला फराळ नेऊन देतो. गावात मला चांगला माणूस म्हणतात. आणि ती साखर तुम्ही-आम्ही सगळे कुंद्यात घालून खातो. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी उतरतोच. आपण नाकाला रुमाल लावून पलीकडच्या बाजूनं जातो.

उद्या माझा पणतू माझा मोबाईल उघडून टोळीच्या मुकादमाला पाठवलेले पैसे बघत बसला तर काय म्हणेल? 'आजोबा रोज व्हॉट्सअॅपवर सुविचार टाकायचे आणि ही पोरगी बांधावर?' तेव्हा मलासुद्धा कुणीतरी 'त्या काळी तसंच होतं' म्हणावं, एवढी माझी स्वार्थी इच्छा आहे.

सीमाकवच

तुम्ही हुबळी लिहिलंत, 'हुब्बळ्ळी' नाही, त्याबद्दल अभिनंदन. बेळगावसुद्धा बरोबर लिहिलंय. आता असल्या जुन्या गोष्टी उकरून आपल्याच माणसांची बदनामी...

हिरण्यकेशी

दादा, तो सीमावाद पलीकडच्या धाग्यावर जोरात चालू आहे. तिकडं जागा आहे.

जोंधळा

चिकोडीकडचा आहे, जैन, शेती करतो. माझ्या घरातलं सांगतो.

२००९ साली माझ्या आज्जीनं सल्लेखना घेतली. वय एक्याण्णव. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. महाराजांची परवानगी घेतली, घरच्या सगळ्यांना जवळ बोलावून क्षमा मागितली, सुनांनासुद्धा. गाव दर्शनाला लोटलं. आमच्या भागातली माणसं हे ऐकतच मोठी होतात. भोज गावचे शांतिसागर महाराज १९५५ साली कुंथलगिरीला असेच गेले, ती गोष्ट आज्जीनंच आम्हाला झोपताना सांगितलेली.

माझे मेहुणे पुण्यात डॉक्टर. गाडीत सलाईनच्या बाटल्या घालून आले. "अरे, म्हातारी मरालीय आणि तुम्ही आरत्या काय म्हणताय?" ओसरीवर जवळजवळ हाणामारी. आज्जी आतनं म्हणाली, "जावईबापू, तुमचं औषध तुमच्याजवळ ठेवा, मला माझा पाठ म्हणू द्या."

२०१५ च्या १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना म्हणजे आत्महत्या ठरवली. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे मरून सहा वर्षं झाल्यावर आमची आज्जी तीन आठवडे गुन्हेगार होती म्हणायची. त्या तीन आठवड्यांत मेहुण्यांचा रोज फोन. स्थगिती आल्यावर बंद.

आमच्याकडं दिगंबर मुनी गावात आले की बायका पाय धुवायला तांब्या घेऊन धावतात. तसाच उघडा माणूस दुसऱ्या कुठल्या गावात निघाला तर पोलिसांना फोन जाईल. म्हणून माझा कल 'जसं गाव तशी नीत' याच्याकडंच होता.

खरं तुमचं पान वाचून अडकलो. आज्जीनंही सोडलं, पंजोबांनीही सोडलं. आज्जीनं स्वतःचं अन्न सोडलं. पंजोबांनी काय सोडलं? त्यांचं तर काहीच सुटलं नाही.

वडाची पारंबी

छत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आता खानापूरला कोथिंबीर लावतो. पुस्तकी उत्तर चालेल म्हणालात, म्हणून लिहितो.

हा प्रश्न अडीच हजार वर्षांचा आहे. हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं एक गोष्ट लिहून ठेवलीय. इराणचा राजा दरायस यानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर बापाचं प्रेत खाल? ग्रीक म्हणाले, काहीही दिलं तरी नाही. मग त्यानं कॅलाटी नावाच्या हिंदुस्थानी लोकांना बोलावलं, जे म्हणे मेलेल्या आई-बापांना खात. त्यांना विचारलं, किती पैशात बापाला जाळाल? त्यांनी तर कानावर हात ठेवले. ज्याला त्याला आपली रीत खरी, असं हेरोडोटसचं म्हणणं. मी दर वर्षी पहिल्या तासाला ही गोष्ट सांगायचो आणि वर्गातला एकतरी पोरगा म्हणायचा, "सर, म्हणजे सगळं चालतंय की."

तसं नाही. दोघांनाही बापाचा मान राखायचा होता. रीत उलटी, आतली गोष्ट एकच. आणि माणसांची मतं वेगळी आहेत म्हणून खरं-खोटं काही नसतंच, असंही होत नाही. वर्गात एका गणिताची चार उत्तरं आली म्हणून गणिताला उत्तर नाही असं कुणी म्हणत नाही.

गेल्या शतकात हा वाद जगाच्या चव्हाट्यावर झाला. मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तेव्हा, १९४७ साली, अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं विचारलं, की प्रत्येक संस्कृतीची मूल्यं वेगळी, मग सगळ्या जगाला लागू होणारा कागद कुणाच्या मूल्यांवर लिहिणार? प्रश्न रास्त होता, कारण तेव्हा साम्राज्यवाले 'आमची नीती श्रेष्ठ' म्हणूनच दुसऱ्याच्या देशात बसले होते. आणि त्याच जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते ते बदलून 'सर्व माणसे' करायला लावणारी बाई कोण? हंसा मेहता, आपल्या देशाच्या. १० डिसेंबर १९४८ ला तो मंजूर झाला. सर्वांना लागू होणारी नीती हे पश्चिमेचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगतो.

तुमच्या पंजोबांबद्दल: कृत्य वाईट की नाही आणि माणूस वाईट की नाही, हे एका खात्यावर लिहू नका. पहिल्याला माझं उत्तर होय. दुसऱ्याला, त्यांना दुसरं काही ऐकायला मिळालं होतं का, ते बघावं लागेल. गांधीजींना ऐकून आले होते म्हणता. १९२५ मध्ये बाबासाहेब बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी निपाणीला येऊन गेले. निपाणी तुमच्या गावापासून किती लांब? वारा तर सुटलेला होता.

निपाणीची नात

इथं कधी लिहीत नाही, वाचते फक्त. मी जोगतिणीची, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बाईची, नात आहे.

सर, तुमचं बरोबर आहे, खरं वारा गांधींचा आणि बाबासाहेबांचाच कशाला शोधायचा? सांगते.

आज्जीला सात वर्षांची असताना सोडली. मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन जोगवा मागायची. आईच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाची जागा मोकळी. गुरुजींनी विचारलं की आज्जी सांगायची, "यल्लम्मा लिवा." तिची कीव केलेली तिला खपायची नाही. लग्नात हिला पुढं बोलवायचे, कारण ही कधी विधवा होणार नाही, नवरा देवच. बापाच्या चितेला अग्नी तिनं दिला, मुलगा असल्यागत, आणि अर्धा एकर तिच्या नावावर आलं. भावजया तिला घाबरायच्या. मार्गशीर्षात रांडाव पुनवेला बांगड्या फोडायची, माघात पुन्हा भरायची. "मी गड्यागत जगले," म्हणायची. तेव्हा ती नुसती बिचारी होती असं कुणी लिहू नका. तुम्हीपण लिहू नका ताई.

खरं एकदा माझ्या आईच्या डोक्यात जट झाली. आई नऊ वर्षांची. शेजारीण म्हणाली, देवीनं बोलावलंय, आता हिलापण सोडाय लागतंय. आज्जी काही बोलली नाही. बिडीची पानं कापायची कात्री घेतली, जट मुळातनं कापली आणि चुलीत टाकली. "कोपायचं तर माझ्यावर कोप," असं देव्हाऱ्याकडं बघून म्हणाली, आणि संध्याकाळी त्याच देव्हाऱ्याला दिवा लावला. ती कुठल्या परिषदेला गेलेली नव्हती. तिला सही येत नव्हती.

चौंडकं घेऊन रेणुकेची कथा गायची तेव्हा सगळे परशुरामाच्या भागाची वाट बघत. बापानं सांगितलं, पोरानं आईचं डोकं उडवलं, मग वर मागून आई परत मिळवली. आज्जी मात्र त्याच्या आधीच्या चौघांवर थांबायची. थोरले चौघं भाऊ, त्यांनापण बापानं तेच सांगितलं होतं. ते नाही म्हणाले. शाप घेतला, खरं हात उचलला नाही. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. आज्जी ते चौघं दोनदा गायची.

आता तुमची ती ओळ. 'माणसे २, पलीकडून आणणे, मजुरी ८ आणे.' तुम्ही समजला असाल की दोन माणसं पलीकडून आणली. मजुरी कुणाला देतात ताई? कामाला पाठवलेल्याला. दोन माणसं पाठवली, कुणालातरी पलीकडून आणायला. संकेश्वरकडच्या गावाला तेव्हा पलीकडं म्हणजे कोल्हापूर संस्थान. इकडं इंग्रजाचं राज्य, तिकडं महाराजांचं. हद्द ओलांडली की इकडच्या पाटलाचा हुकूम चालायचा नाही. आणलं कुणाला, तेवढंच लिहिलेलं नाही.

आमच्या पणजीनंपण आज्जीला घेऊन रातोरात गाव सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी धरून आणलं. त्या पानाच्या मागचं पान वाचायला सांगा तुमच्या काकांना.

कुंदा आणि मांडे

मी वर जे लिहिलं ते पुसायचा पर्याय इथं नाही, नाहीतर निम्मं पुसलं असतं. पणतूचं राहू दे. बांधावर बसलेल्या त्या पोरीला आज विचारलं तर ती काय सांगेल, हे मला आत्ताच माहीत आहे. त्याला शंभर वर्षं लागत नाहीत.

हिरण्यकेशी

उशिरा लिहितेय, माफ करा. काल गडहिंग्लजला गेले. यावेळी कुंदा न्यायचा विसरले, काकांनीही विचारलं नाही.

मागच्या पानावर, समासात, बारीक अक्षरात आहे: 'पोरीची माय पोर घेऊन गेली. शोध.' दोन दिवसांनी ते आठ आणे. म्हणजे चार-चार आणे दोघांना. हरण्याची घुंगरमाळ त्याच्या दीडपट महाग.

काकांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, मी चाळीस वर्षं सातबारे लिहिले, समासातलं कधी वाचलं नाही.

निपाणीची नात, तुम्हाला काय लिहावं कळत नाही. आम्ही घरात आठवडाभर 'त्या काळी, त्या काळी' करत भांडलो, तो काळ कीर्द लिहिणाऱ्याचा धरून. ती बाई त्याच गावात, त्याच माघात राहत होती. तिला कुठला कायदा येणार आहे ते माहीत नव्हतं आणि तिला त्याची गरजही पडली नाही. जोंधळादादांच्या आज्जीच्या दारात मी हात जोडून उभी राहीन, आणि पंजोबांनाही आजवर जोडलेत. दरायसची गोष्ट आबांना वाचून दाखवली तर त्यांना फार आवडली. मग मी त्यांना समासातली ओळ वाचून दाखवली.

आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, मी लहान असताना एक जोगतीण वाड्यावर यायची. मंगळवार-शुक्रवार, न चुकता. ओसरी चढायची नाही. पंजोबा स्वतः उठून तिच्या परडीत जोंधळे घालायचे, त्याच शेरानं, शीग लावून. दुसऱ्या कुणाला घालू द्यायचे नाहीत. तिच्याकडं बघायचे नाहीत. ते गेले त्या वर्षापर्यंत.

मी विचारलं, तिचं नाव काय होतं?

आबा म्हणाले, "नाव कोण विचारतंय. आम्ही पोरं तिला हरण्याची जोगतीण म्हणायचो. त्या बैलाच्या गाडीतनं डोंगराला गेलेली म्हणून."

पंजोबांना काय कळत होतं आणि काय नव्हतं, याचा माझ्यापुरता निकाल त्या शीग लावलेल्या शेरानं लागला. ज्याला काही टोचत नाही तो म्हातारपणी दर मंगळवारी उठून दारापर्यंत येत नाही. भाच्याला हे पटलं नाही. तो म्हणतो, आत्या, जोंधळ्यानं कुणाचं काय भरून निघतं? निघत नाही, तेही खरं.

दोन पानं लिहून दिली. पहिल्यात बाजारातला शेर, विधवेचं सोनं, बेळगावचं अधिवेशन. दुसऱ्यात माघाचं पान, समासासकट. आज समितीतल्या एकांचा फोन आला, जागा कमी पडालीय, दुसरं पान पुढच्या अंकाला घेतलं तर चालेल काय? मी म्हटलं, मग पहिलंही पुढच्याच अंकाला घ्या. अजून उत्तर आलेलं नाही. आबांना सांगितलं तर म्हणाले, बरोबर केलंस, आणि थोड्या वेळानं म्हणाले, पाटीवर माझ्या आजाचं नाव लागलेलं बघायचं होतं गं.

निपाणीची नात, एक विनंती. तुमच्या ओळखीत त्या वेळच्या कुणी म्हाताऱ्या जोगतिणी असतील, किंवा त्यांच्या लेकी, तर एवढं विचाराल काय? हिरण्यकेशी नदीच्या अलीकडचं गाव, पाटलांचा वाडा, गाडीचा बैल हरण्या. तिला घरी काय हाक मारायचे, एवढंच हवंय.